चुकलेल्या ठिणगीचा शोध



इतिहास म्हटला कीं राजे, लढाया, तह आणि सनावळ्या एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. अशा स्थितींत मोटारसायकलच्या इंजिनांतील ठिणगी चुकते कशी, आणि ती चुकल्याचें कारण शोधावयाचें कसें, या विषयाचा कोणी इतिहास सांगूं लागला तर आपणांस नवल वाटेल. आणि सांगणारा यंत्रशास्त्रज्ञ नसून खेड्यांतला एक निवृत्त शाळामास्तर आहे हें कळल्यावर तें नवल दुणावेल. परंतु माझी फार दिवसांची अशी समजूत आहे कीं, एखादें यंत्र चालतें कसें यापेक्षां तें अडतें कां, आणि अडलें असतां त्याचा दोष ओळखण्याची विद्या कोणाच्या हातीं असते, यावरून त्या त्या काळाची ओळख अधिक चांगली पटते. राज्य कोणाचें होतें हें बखरींत लिहिलेलें असतें. गांवांतले कंदील कोण दुरुस्त करी हें कोणी लिहून ठेवीत नाहीं.

आमचें एकोडी गांव भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांत आहे. सभोंवार भाताचीं खाचरें, जुने तलाव आणि पलीकडे जंगल. साकोलीवरून नागपूर–रायपूर हमरस्ता जातो. इंग्रजी अमदानींत त्यास ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि आतां त्याचा क्रमांक ५३ आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंस पेट्या बांधून दूरच्या प्रवासास निघालेले तरुण मोटारसायकलस्वार या रस्त्यावर हल्लीं पुष्कळ दिसतात. त्यांपैकीं एखाद्याची गाडी धक्के देऊं लागली, चढावर दम तोडूं लागली, कीं तो रस्त्यालगतच्या एखाद्या टपरीवजा दुकानाशीं थांबतो. तेथें त्या रोगाला एकच नांव आहे : 'गाडी मिसिंग मारते.' हा धेडगुजरी शब्दप्रयोग शुद्धलेखनाच्या वहींत मीं कधींच चालूं दिला नसता. तथापि याहून नेमका शब्द मला आजवर सांपडलेला नाहीं, हेंही खरें.

'मिसिंग' म्हणजे काय तें आधीं पाहूं. चार ठोक्यांच्या इंजिनांत, ज्याला आपण फोर-स्ट्रोक म्हणतों, दट्ट्या प्रथम खालीं येतो तेव्हां पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. तो वर जातो तेव्हां तें दाबलें जातें. मग ठिणगी पडून तें पेटतें व दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. आणि पुन्हां वर जातांना तो जळका धूर बाहेर लोटतो. निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं ही पद्धति व्यवहारांत यशस्वी करून दाखविली. दट्ट्याच्या या चार चालींत आंस दोनदां फिरतो, ठिणगी मात्र एकदांच पडते. इंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल तर एका सेकंदास २५ ठिणग्या, म्हणजे दहा मिनिटांच्या वाटचालींत १५,००० ठिणग्या पडावयास हव्यात. दोन ठोक्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनांत ही संख्या दुप्पट. त्यांतली एखादी जरी वायां गेली, तरी सरावलेल्या कानाला तें कळतें. तबल्याच्या ठेक्यांतली एक मात्रा गळाली कीं बैठकींतला साधा श्रोताही जसा मान वर करून पाहतो, तसेंच.

स्फोट न होण्यास तीनच कारणें संभवतात. ठिणगी पडली नाहीं किंवा वेळेवर पडली नाहीं. मिश्रण पोंचलें नाहीं किंवा त्याचें प्रमाण बिघडलें. अथवा दट्ट्याच्या कड्या वा झडपा झिजल्यामुळें दाब टिकला नाहीं. चौथें कारण नाहीं. पण या तिहींच्या पोटांत पन्नास उपकारणें दडलेलीं असतात, आणि तेथें खरी परीक्षा होते. आपल्या आयुर्वेदांत रोगपरीक्षेचीं पांच अंगें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतल्या उपशयाची मला मौज वाटते. रोग गूढ असेल तर एखादा उपचार करून पाहावयाचा आणि उतार पडला कीं त्यावरून रोग ओळखावयाचा. टपरीवाला जुना प्लग काढून खात्रीचा दुसरा प्लग बसवितो व 'आतां चालवून पाहा' म्हणतो, तेव्हां तो नकळत उपशयच करीत असतो. मात्र एका वेळीं एकच वस्तु बदलावयाची, हें पथ्य त्यानें पाळलें पाहिजे. प्लग, तार आणि कॉइल एकदम बदलणाऱ्याची गाडी सुधारते, पण रोग कोणता होता हें त्याला कधींच कळत नाहीं.

आतां मूळ इतिहासाकडे वळूं. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं जर्मनींत लांकडी सांगाड्यावर इंजिन बसवून जी दुचाकी चालविली, तींत विजेची ठिणगी मुळींच नव्हती. सिलिंडरच्या डोक्यांत खोंवलेली एक नळी बाहेरून दिव्याच्या ज्योतीनें लाल तापवीत, आणि दाबलेलें मिश्रण त्या नळींत शिरतांच पेट घेई. १८९४ सालीं म्युनिक येथें हिल्डेब्रांट आणि वोल्फम्यूलर यांनीं विक्रीकरितां मोटारसायकली काढल्या, त्यांतही हीच तप्त नळी होती. त्या काळीं रोगनिदान सोपें होतें : दिवा जळतो आहे कीं वाऱ्यानें विझला, एवढेंच वांकून पाहावयाचें. तिकडे कार्ल बेंझ हा पहिल्यापासून विजेच्या ठिणगीच्या मागें होता, व तिनें त्यास भंडावून सोडलें होतें. फ्रान्समधील द दिओं–बूतों यांनीं १८९५ सालीं लहान, वेगवान इंजिन काढलें; त्याला बॅटरी, कॉइल आणि ठरल्या क्षणीं प्रवाह तोडणारी एक पट्टी जोडलेली होती. आपल्याकडे पुढें सर्वतोमुखीं झालेला 'पॉइंट' तो हाच.

येथें एक गमतीची गोष्ट सांगून टाकतों. त्याच सुमाराच्या शेतीच्या व कारखान्यांच्या कित्येक इंजिनांत ठोका चुकणें हा दोष नसून योजना होती. वेग ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं नियामक स्वतःच एकदोन स्फोट गाळी व इंजिन मंदावलें म्हणजे पुन्हां सुरू करी. आजच्या मोटारसायकलीही कमाल वेगाला पोंचल्या कीं मुद्दाम ठिणग्या किंवा पेट्रोल तोडतात. तेव्हां गाडी फार ताणल्यावर 'मिसिंग मारते' म्हणून घाबरणाऱ्यानें आधीं आपल्या मनगटाकडे पाहावें.

बॅटरी ही त्या काळीं फार बेभरंवशाची वस्तु होती. ती रस्त्यांत मरे, सांडे, आणि खेड्यांत भरून मिळत नसे. दूरच्या प्रवासाची मोटारसायकल शक्य झाली ती मॅग्नेटोमुळें. लोहचुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें फिरवून इंजिनानें आपली वीज आपणच निर्माण करावी, ही ती युक्ति. रॉबर्ट बॉश याच्या स्टुटगार्ट येथील कारखान्यांत १८८७ सालापासून कमी दाबाचे मॅग्नेटो तयार होत; १८९७ सालीं त्यांतला एक द दिओं–बूतोंच्या तीनचाकीवर बसविण्यांत आला; आणि १९०२ सालीं बॉशचा सहकारी गोटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीला स्पार्क प्लग सिद्ध केला. ही जोडी इतकी सरस ठरली कीं ब्रिटनच्या बहुतेक गाड्यांना जर्मन मॅग्नेटो बसूं लागले. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां त्या बलाढ्य साम्राज्याच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या विमानांची, मोटारींची व निरोप्यांच्या मोटारसायकलींची ठिणगी शत्रूच्या कारखान्यांतून येते. घाईघाईनें तिकडे मॅग्नेटोचे कारखाने उभे करावे लागले.

या ठिणगीशीं आपल्या देशाचा संबंध मात्र एका अनपेक्षित बाजूनें येतो. हजारों व्होल्टांची वीज जेथें हवी तेथेंच उडी मारावी, वाटेंत इतरत्र गळूं नये, यासाठीं तिला आवरणारें वेष्टण लागतें. त्या काळच्या कित्येक प्लगांत आणि मॅग्नेटोच्या कंडेन्सरांत अभ्रक असे, आणि तारेच्या वेटोळ्यावर लाखेचा लेप. अभ्रक कोडर्म्याकडच्या खाणींतून जाई आणि लाख जाई ती छोटा नागपूर व आमच्या जुन्या मध्यप्रांताच्या जंगलांतून. पळसावर आणि कुसुमाच्या झाडावर लाखेचे किडे वाढतात. १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांतच असलेल्या गोंदियाचें नांव गोंद आणि लाख यांच्या व्यापारावरून पडलें असें लोक सांगतात. म्हणजे ठिणगी परदेशी, परंतु तिला जागच्या जागीं धरून ठेवणारें कवच आमच्या रानांतलें!

आणि गंमत अशी कीं, मॅग्नेटोचा सर्वांत फसवा रोग या लाखेंतूनच उत्पन्न होई. लाख उष्णतेनें मऊ पडते. जुनी झाली कीं ओलावा धरते. गाडी सकाळीं एका लाथेंत सुरू व्हावी, दहाबारा मैल सुरेख चालावी, आणि मॅग्नेटो तापतांच ठोके चुकवूं लागावी. स्वार झाडाखालीं बसून विडी ओढतो, तेवढ्यांत मॅग्नेटो निवतो आणि गाडी पुन्हां निमूटपणें चालूं लागते. स्वाराला वाटतें रोग गेला. पुन्हां दहा मैलांवर तेंच. थंड असतांना तपासणाऱ्या कारागिराला या रोगाचा पत्ता लागणें शक्यच नव्हतें. 'केव्हां चुकते?' हा प्रश्न 'काय बिघडलें?' या प्रश्नाच्या आधीं विचारावा लागतो, हें मोटारसायकलस्वार शिकले ते अशा अनुभवांतून.

याच 'केव्हां' या प्रश्नानें दुसरेंही एक मर्म उघड होतें. मॅग्नेटोची वीज वेगाबरोबर वाढते. म्हणून तो दुबळा झाला म्हणजे गाडी सुरू होतांना आणि हळू चालतांना छळते, वेगांत मात्र ठीक धांवते. बॅटरी-कॉइलचें नेमकें उलट. सुरू होतांना तिची ठिणगी जोमदार असते. पण वेग वाढला कीं पॉइंट मिटलेले राहण्याचा अवधि कमी होतो, कॉइल पुरती भरत नाहीं, आणि दोष असेल तर तो भरधांव वेगांत प्रकट होतो. दुसऱ्या महायुद्धांतल्या ब्रिटिश सैन्याच्या बी. एस. ए. एम-२० व नॉर्टन १६-एच या गाड्या मॅग्नेटोवर चालत, आणि युद्ध संपल्यावर अशा लष्करी गाड्या 'डिस्पोजल'च्या मालांत सामान्य गिऱ्हाइकांच्या हातीं आल्या. पुढें बॅटरी-कॉइलच्या गाड्या वाढल्यावर जुन्या कारागिरांना आपलें ऐकणें उलटें करून घ्यावें लागलें. मंद चालींतली खोकी आणि धांवेंतली खोकी यांचे अर्थ अदलाबदल झाले.

या विद्येवांचून दूरचा प्रवास अशक्य होता. झोल्तान शुल्कोव्स्की व ज्युला बार्ता हे दोघे हंगेरियन तरुण १९२८ सालीं हार्ले-डेव्हिडसनवर जगप्रवासास निघाले ते १९३६ सालीं परतले. रॉबर्ट फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ सालीं डग्लस गाडीवर लंडनहून निघाला व पुढल्या वर्षाच्या अखेरीस स्वदेशीं पोंचला. तिघेही हिंदुस्थानांतून गेले. या प्रवाशांच्या शौर्याचीं वर्णनें पुष्कळ होतात. मला अधिक कौतुक वाटतें तें याचें कीं, वाळवंटांत इंजिनाचा ठोका चुकला असतां त्यांना विचारावयास कोणी नव्हतें. डग्लसला दोन सिलिंडर असत. अशा गाडींत कोणता सिलिंडर रुसला हें पाहण्याची रीत पोरखेळाइतकी सोपी आहे : दोन्ही धुरनळ्यांवर बोटानें पाण्याचे थेंब शिंपडावे, ज्या नळीवर थेंब चर्रकन् वाजून उडून जात नाहीं, तो सिलिंडर स्वस्थ बसला आहे असें समजावें.

स्वातंत्र्यानंतर हीं यंत्रें आपल्याकडे तयार होऊं लागलीं. १९५१ सालीं स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा 'मायको' प्लग घरोघर माहीत झाला. १९५५ सालीं मद्रासेस एनफील्ड इंडिया निघाली व 'बुलेट' आली. मुंबईंत जावा गाड्या आयात करणाऱ्या इराणी कुटुंबानें म्हैसूर येथें आयडियल जावाचा कारखाना काढला, त्याच्या गाड्या १९६१ च्या सुमारास बाहेर पडूं लागल्या. १९६२ सालीं एस्कॉर्ट्सनें पोलंडच्या एस. एच. एल. गाडीच्या धर्तीवर राजदूत काढली. पुण्याच्या बजाजांची स्कूटर होतीच. आणि १९७२ सालीं फिरोदियांच्या कायनेटिकची 'लूना' आली, तिनें तर शिक्षक, पोस्टमन व दूधवाले यांना प्रथमच इंजिनाचे मालक केलें.

आमच्या भागांत मोटारसायकल ही चैनीची नव्हे, दौऱ्याची वस्तु म्हणून आली. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ग्रामविस्तार, पशुवैद्यकी, हिंवताप निर्मूलन अशा खात्यांचीं माणसें खेडोपाडीं फिरूं लागलीं, आणि मुरमाच्या रस्त्यांवर व धानाच्या बांधांवर टिकाव धरून राहिली ती राजदूत. मी नोकरीस लागलों त्या काळीं शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी तिजवरूनच येत. त्यांची गाडी पावसाळ्यांत ठोके गाळी, व तो आवाज तलावाच्या पाळीवरून ऐकूं आला कीं शाळेंत खडूफळा, हजेरीपट व मुलांचे पाढे सर्व कांहीं जागच्या जागीं येई. निर्दोष इंजिनाची गाडी असती तर आमची कितीदां तरी फजिती झाली असती.

या जुन्या गाड्यांचें रोगनिदान कसें चाले, तें जरा निवांतपणें सांगण्यासारखें आहे. कारागीर आधीं प्लग काढी आणि त्याचें तोंड पाही. फिकट तपकिरी रंग असेल तर सर्व क्षेम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जातें आहे. पांढुरकें असेल तर हवा अधिक किंवा उष्णता फार. तेलकट काळें असेल तर ऑइल चढतें आहे. राजदूत, लूना यांच्या पेट्रोलांतच ऑइल मिसळावें लागे. तें जास्त पडलें कीं कोळशाचा एखादा बारीक कण प्लगच्या दोन टोंकांमध्यें पूल बांधी, वीज उडी न मारतां त्या पुलावरून चालत जाई, आणि गाडी बंद. 'प्लग शॉर्ट झाला' तो हा प्रकार. प्लगच्या टोंकांतलें अंतर सुमारें ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावें लागतें. मोजपट्टी नसेल तेथें लोखंड कापावयाच्या करवतीचें पातें घालून तें पाहत, आणि पातें तितक्याच जाडीचें असल्यामुळें काम भागे. पॉइंटचें अंतर त्याहून कमी, बुलेटमध्यें ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट काळवंडला तर काड्यापेटीच्या खरखरीत बाजूनें घांसावयाचा. ही रीत पुस्तकांत नाहीं, पण रात्रीं जंगलाच्या वाटेवर काड्यापेटी सांपडते, पुस्तक सांपडत नाहीं.

प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून किक मारली आणि निळी ठिणगी दिसली, कीं नवखा म्हणे, 'करंट बरोबर आहे.' जाणता कारागीर यावर विसंबत नसे. मोकळ्या हवेंत त्या फटींतून उडी मारावयास थोडा विद्युद्दाब पुरतो. सिलिंडरच्या आंत दाबलेल्या हवेंतून तीच उडी मारावयास दहा हजार व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक लागतात. चढावर, मागें माणूस आणि सामान असतांना, मूठ पुरती पिळली कीं आंतला दाब आणखी वाढतो. म्हणून अशक्त कॉइल किंवा चिरलेली तार सपाटीवर निभावून नेते आणि घाटांत दगा देते. अशा वेळीं गाडी अंधारांत उभी करून, इंजिन चालूं ठेवून पाहावें : तार जेथें फुटली असेल तेथें बारीक निळसर लकेर चमकतांना दिसते. आमच्या मुसळधार पावसांत तर प्लगच्या टोपींत शिरलेलें पाणी हेंच निम्म्या रोगांचें मूळ.

बुलेटला एक देणगी होती. तिच्या दिव्याच्या डोक्यावर अॅमीटरचा लहानसा कांटा असे. चावी लावून, इंजिन चालूं न करतां किक हळूहळू दाबली कीं पॉइंट मिटतांच कांटा वजा बाजूस झुके व पॉइंट उघडतांच शून्यावर येई. कांटा मुळींच हलला नाहीं तर पॉइंट मळला आहे वा तार तुटली आहे. वजा बाजूस गेला तो तेथेंच राहिला तर पॉइंट उघडत नाहीं वा कोठेंतरी वीज जमिनींत मुरते आहे. वैद्यानें नाडीवर बोट ठेवावें तसा तो कांटा होता, आणि तो वाचावयास साक्षरतेचीही गरज नव्हती. स्वाराच्या डोळ्यांसमोर, स्वाराच्या भाषेंत यंत्रानें आपली प्रकृति सांगावी, याचा इतका सुंदर नमुना मला दुसरा माहीत नाहीं.

१९८४ पासूनच्या दोनतीन वर्षांत जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें शंभर सी. सी. च्या गाड्या निघाल्या, आणि त्यांच्या मागोमाग पॉइंटची जागा हळूहळू 'सी. डी. आय.' या बंद डबीनें घेतली. तींत झिजणारा, मळणारा भागच नाहीं. हा लाभ लहान नव्हे. पॉइंट घांसण्यांत कसलेंही काव्य नव्हतें; पावसांत चिखलांत बसून तें करणाऱ्याला विचारा. पण डबी बिघडते ती एकाएकी, आणि तिच्या आंत पाहतां येत नाहीं. दुरुस्ती गेली, बदली आली. पुढें २००३ सालीं बजाज कंपनीनें पल्सर गाडींत एका सिलिंडरला दोन प्लग दिले. मिश्रण दोन टोंकांनीं पेटून लवकर व पुरतें जळतें, ही त्यांतली योजना. परंतु त्यामुळें रोग लपूं लागला : एक प्लग मेला तरी दुसरा गाडी ओढून नेतो, ठोका चुकत नाहीं, जोर मात्र उतरतो व पेट्रोल वाढतें. स्वार म्हणतो, 'गाडी जुनी झाली.' एकेका प्लगची टोपी काढून फरक ऐकल्यावांचून खरें कारण कळत नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा' हे प्रदूषणनियम लागू झाले. कार्बोरेटर जवळजवळ नाहींसा झाला व संगणकाच्या आज्ञेनें पेट्रोल फंवारणारी पिचकारी आली. त्याच नियमांच्या दुसऱ्या टप्प्यांत, १ एप्रिल २०२३ पासून, गाडीनें आपला चुकलेला ठोका आपणच ओळखावा अशी अपेक्षा ठेवण्यांत आली. हें कसें होतें? आंसावरच्या दांतेरी चक्राजवळ एक संवेदक बसविलेला असतो. प्रत्येक स्फोटाबरोबर आंसाला किंचित् उसळी मिळते; ती मिळाली नाहीं कीं चक्राचे दांत क्षणभर मागें पडतात, आणि संगणक ती चूक टिपून ठेवतो. माणसाचा कान जें करी तेंच हें! फरक इतकाच कीं खांचखळग्यांच्या रस्त्यावरही आंसाची गति अशीच लटपटते, आणि रस्त्याचा दोष इंजिनाच्या नांवें लिहिला जाऊं नये म्हणून यंत्रकारांना बरीच खटपट करावी लागते. आमच्या तालुक्यांतले कांहीं रस्ते पाहिले तर या संगणकाची मला दया येते.

मी जुन्याचा अभिमानी आहें असें कोणी समजूं नये. ठोका चुकला म्हणजे न जळलेलें पेट्रोल धुरनळींत जातें, धूर शुद्ध करणारें तेथलें साधन तापून निकामी होतें आणि हवा बिघडते. तेव्हां यंत्रानें स्वतः दोष टिपणें हें चांगलेंच. माझी तक्रार वेगळी आहे. अॅमीटरचा कांटा सर्वांना दिसे. आजच्या गाडींत डोळ्यांसमोर लागतो तो केवळ एक पिवळा दिवा. त्याच्या मागची टिपणवही उघडण्यास वाचकयंत्र लागतें, आणि कित्येक गाड्यांचें पुरतें टिपण कंपनीच्या अधिकृत दुकानांतच वाचतां येतें. प्रवासी खेड्याजवळ अडकला आहे, दुकान शहरांत आहे, गाडीच्या पोटांत तिच्या रोगाचा लेख तयार आहे, आणि तो वाचण्याची किल्ली मात्र जवळच्या माणसाला दिलेली नाहीं. १९१४ सालीं ठिणगी परक्याच्या हातीं होती. आज ठिणगी आपली असून निदान दुसऱ्याच्या पेटींत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २०२२ सालीं 'दुरुस्तीचा हक्क' या प्रश्नासाठीं समिति नेमली व त्याच वर्षाच्या अखेरीस त्याकरितां एक संकेतस्थळही उघडलें. हें पाऊल योग्य दिशेचें आहे. तें टपरीच्या दारापर्यंत यावयास हवें, कारण गाडी बंद पडते ती तेथें.

इंधनाचा एक नवा मुद्दाही या निदानांत शिरला आहे. पेट्रोलांत उसाच्या मळीपासून, मक्यापासून आणि तांदळाच्या कणीपासूनही केलेलें इथेनॉल मिसळतात. २०२५ सालीं देशभर हें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉल हवेंतली आर्द्रता ओढून घेतें. पावसाळ्याचे चार महिने अर्धी टाकी भरून उभी ठेवलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढावी आणि तिनें धक्के द्यावे, यांत आश्चर्य नाहीं : पाणी फार झालें कीं तें इथेनॉलसह तळाशीं बसतें आणि प्रथम तेंच इंजिनाकडे जातें. जुन्या गाडींत वाटी उघडून तळचें पाणी ओतून देतां येई. आजच्या गाडींत टाकी रिकामी करावी लागते.

महामार्गालगतच्या कांहीं टपऱ्यांतून स्वस्त वाचकयंत्रें दिसूं लागलीं आहेत. जेथें गाडी उत्तर देते तेथें पडद्यावर 'पी-०३०१' असा सांकेतिक क्रमांक उमटतो. त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकतो आहे. एकच सिलिंडर असलेल्या गाडीच्या मालकाला हें ठाऊक असतेंच! ठिणगी, मिश्रण कीं दाब, हें त्या आंकड्यांत लिहिलेलें नसतें. तेथून पुढें कारागिराला होनोल्डच्या काळचे तेच तीन प्रश्न विचारावे लागतात. आणि जाणता असेल तर पाना हातीं घेण्यापूर्वीं तो पेट्रोलच्या टाकीचें झांकण उघडतो व कान देतो. टाकींतून पेट्रोल जसजसें उतरतें तसतशी तिच्यांत हवा शिरावी लागते. त्यासाठीं जुन्या गाड्यांच्या झांकणाला सुईएवढें छिद्र असे, हल्लीं एक बारीक रबरी नळी असते. प्रवाशानें सामान करकचून बांधलें असेल तर ती नळी दबते, किंवा चिखलानें तिचें तोंड बुजतें. टाकींत पोकळी होते, पेट्रोल पुरेसें येत नाहीं, आणि वीसपंचवीस मैलांवर गाडी मिसिंग मारूं लागते. झांकण उघडतांच 'फुस्स' असा आवाज झाला, तर त्या प्रवाशाला पैसे न मागतां पुढें पाठवितात. सामानाची दोरी मात्र सैल करून.